कुंकवातला टाकणखार

जेजुरीच्या पायऱ्यांवर उधळला जातो तो भंडारा पिवळा आणि कोल्हापुरात अंबाबाईला, तुळजापुरात भवानीला वाहतात ते कुंकू लाल. मूळ जिन्नस मात्र एकच, हळद. खंडोबाकडे ती दळून जशीच्या तशी जाते. देवीकडे जायचे तर तिला आधी खारातून आणि लिंबाच्या रसातून जावे लागते. पिवळ्यापासून लालपर्यंतच्या या वाटेवर महाराष्ट्रात एक अख्खा धंदा उभा राहिला. पंढरपुरात बुक्का, उदबत्ती आणि चुरमुऱ्यांच्या जोडीने कुंकवाची दुकाने लागली. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातले केम हे गाव तर कुंकवाचे गाव म्हणूनच ओळखले जाते. नववी-दहावीच्या पुस्तकात ‘आम्ल, आम्लारी व क्षार’ या नावाखाली जे शिकवतात, त्यातला बराचसा भाग या धंद्यातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या हाताने करत आली. त्यांच्याकडे लिटमसची पट्टी नव्हती. प्रमाण ठाऊक होते, आणि रंग कधी ‘चढला’ हे ओळखणारी नजर होती.

या धंद्याला गिऱ्हाईक शोधत फिरावे लागले नाही. सवाष्णीच्या कपाळी रोज कुंकू, देवघरात रोज कुंकू, उंबऱ्यावर कुंकू. चैत्रगौरीचे हळदीकुंकू, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरचे हळदीकुंकू, नवरात्रातले कुंकुमार्चन, लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यावरचे बोट, दिवाळीत पुजलेल्या चोपडीवरचे स्वस्तिक. कपाळावर आधी मेणाचे बोट फिरवायचे आणि त्यावर कोरडे कुंकू टेकवायचे, म्हणजे ते दिवसभर हलत नसे. म्हणून करंड्याशेजारी मेणाची डबी असे. कुंकू संपले असे म्हणणेही अशुभ. ‘कुंकू वाढवायचे आहे’ असेच घरात बोलले जाई.

ज्यांना ते नाकारले गेले, त्यांची बाजूही या इतिहासात आहे. नवरा गेला की बाईचे कुंकू पुसले जाई आणि हळदीकुंकवाच्या बैठकीतली तिची जागा कायमची जाई. 1937 साली प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली जरठ-बाला विवाहावर चित्रपट काढला, त्याला नाव दिले ‘कुंकू’. पुढे मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनी त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. चिमूटभर लाल पुडीभोवती एवढे सगळे उभे होते. ती पूड मुळात लाल व्हायची कशी, हा प्रश्न मात्र या साऱ्या चर्चेच्या बाहेर राहिला.

कच्चा माल हाताशी होता. सांगली हळदीची मोठी पेठ. शेतातून काढलेली ओली हळद आधी शिजवायची, मग उन्हात खडखडीत वाळवायची, मग घासून तिची साल काढून चकाकी आणायची, तेव्हा तिची हळकुंडे होतात. सांगलीजवळच्या हरिपुरात ही हळद जमिनीखालच्या पेवांत वर्षानुवर्षे साठवली जाई. खोल खणलेल्या त्या पेवांचे तोंड बंद केले की आत हवा खेळत नसे आणि किडीचा उपद्रव होत नसे. 2005 च्या महापुरात कृष्णेचे पाणी शिरून यातली कितीतरी पेवे निकामी झाली. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. वाळलेल्या हळकुंडात साधारण दोन ते पाच टक्के कर्क्युमिन असते. पिवळेपणा त्याचा, आणि लाल होण्याची करामतही त्याचीच.

ती करामत घरोघर दिसते. पांढऱ्या सदऱ्यावर आमटीचा डाग पडतो. तो पिवळा असतो तोवर कोणी फारसे मनावर घेत नाही. मग त्यावर धुण्याच्या साबणाची वडी फिरते आणि डाग एकदम तांबडालाल होतो. धुणारा घाबरून आणखी साबण लावतो, लाली आणखी खुलते. भरपूर पाण्यात खळबळले की ती ओसरते आणि पिवळा डाग पुन्हा वर येतो. त्यावर लिंबू पिळले तर पिवळेपणा लगेच परततो. साबणाच्या पाण्याचा सामू (pH) नऊ-दहाच्या घरात असतो, लिंबाच्या रसाचा दोन-अडीचच्या आसपास. कर्क्युमिन सात-साडेसातच्या खाली पिवळे राहते आणि साडेआठ-नऊच्या वर गेले की लाल होते.

याचे कारण असे की हळदीतला हा रंग स्वतःच एक सौम्य आम्ल आहे. कर्क्युमिनच्या रेणूला हायड्रोजन आयन सोडून देता येतो, पण रेणू तो सहजासहजी सोडत नाही. साबण, सोडा, चुना यांसारखी आम्लारी भेटली की तिच्यातला हायड्रॉक्साइड आयन हा हायड्रोजन ओढून घेतो आणि दोघांचे पाणी होते. हायड्रोजन गमावलेल्या रेणूत इलेक्ट्रॉन अधिक मोकळेपणाने पसरतात. आधी हा रेणू मुख्यतः 425 नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा-निळा प्रकाश शोषत होता, म्हणून आपल्याला पिवळा दिसत होता. आता तो त्याहून लांब तरंगलांबीचा, निळ्या-हिरव्याकडे झुकणारा प्रकाश शोषू लागतो आणि डोळ्यांना तांबडा दिसतो. लिंबाचे सायट्रिक आम्ल हायड्रोजन आयन परत देते आणि रेणू पूर्ववत होतो. देवाणघेवाण एवढीच; लिटमस, जास्वंद, लाल कोबी या सगळ्या दर्शकांचे काम याच धाटणीने चालते.

मग कुंकू म्हणजे हळदीत चुना कालवला, झाले, असे वाटणे साहजिक आहे. आणि तसे कुंकू होतेही. लचकलेल्या पायावर हळद-चुन्याचा लेप लावताना वाटीत पिवळ्या पुडीचा लालभडक लगदा होतो, हे अनेकांनी पाहिले आहे. कर्नाटकात आणि तमिळ मुलखात नवरा-नवरीला ओवाळतात ते लाल पाणी हळद आणि चुन्याचेच. घाईने, थोडेसे, त्या दिवसापुरते कुंकू करायचे तर हा मार्ग पुरतो.

करंड्यात सहा महिने ठेवायच्या कुंकवाला मात्र तो पुरत नाही, आणि त्याची कारणे रसायनातच आहेत. चुना मुळात शिंपले किंवा चुनखडी भट्टीत भाजून मिळतो. भाजताना त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की तो फसफसून तापतो आणि विरतो. हा विरवलेला चुना कडक आम्लारी आहे; त्याच्या निवळीचा सामू बाराच्याही वर जातो. पण उघड्यावर राहिला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू पुन्हा शोषतो आणि त्याची परत चुनखडी होते. खाराचा जोर गेला की लालीचा आधार गेला. दुसरे कारण याहून अडचणीचे. आम्लारीच्या संगतीत ओले कर्क्युमिन नुसते रंग बदलत नाही, ते तुटायलाही लागते, आणि लालाचा तपकिरी होत जातो. तिसरे कारण म्हणजे कपाळ. माणसाच्या त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, घामही बहुधा तसाच. म्हणजे आम्लाने पिवळा होणारा रंग रोज आम्लावरच लावायचा होता. शिवाय चुना कातडीला झोंबतो, ही तक्रार वेगळीच.

कुंकू करणाऱ्यांनी यावर जो तोडगा वापरला, तो पहिल्या नजरेला उलटा वाटतो. त्यांनी हळदीत लिंबाचा रस घातला. हळद लाल करायची तर आम्लारी हवी, असे साबणाच्या डागाने शिकवले होते. इथे तर आम्ल घालूनच लाल रंग पक्का केला जात होता. या कोड्याची किल्ली तिसऱ्या जिनसात होती. तो जिन्नस म्हणजे सवागी, अर्थात टाकणखार.

कुंकवाची जुनी कृती साधारण अशी चालते. वाळलेली हळकुंडे फोडून त्यांचे बारीक तुकडे करतात. सवागी कुटून लिंबाच्या रसात विरघळवतात, बहुतेक ठिकाणी त्यात थोडी तुरटीही घालतात. हे पाणी हळदीच्या तुकड्यांवर ओतून तुकडे खालीवर करतात. एका दमात सगळे होत नाही. रस मुरला की पुन्हा हलवायचे, पुन्हा झाकायचे, असे काही दिवस चालते. तुकड्यांच्या कडा आधी नारिंगी होतात, मग विटकरी. आतला गाभा मात्र पिवळाच असतो. गाभ्यापर्यंत रंग गेला की नाही हे पाहायला एखादा तुकडा मोडायचा. मग ते सारे सावलीत सुकवायचे. उन्हात नाही, कारण कर्क्युमिन उन्हाने विटते, हळदीचा धुतलेला डाग उन्हात टाकला की फिका पडतो तो त्यामुळेच. सुकताना रंग गडद होत जातो. शेवटी कांडायचे, दळायचे, वस्त्रगाळ करायचे. पूड भुरभुर उडू नये आणि रंगाला चकाकी यावी म्हणून तिला तिळाच्या तेलाचा हात लावायचा. प्रमाण प्रत्येकाचे आपापले असते आणि ते सहसा कोणी दुसऱ्याला सांगत नाही.

सवागी मिळे ती काष्ठौषधींच्या दुकानात, आणि तिचा प्रवास फार लांबून झालेला असे. टाकणखाराचे नैसर्गिक साठे तिबेटातल्या खाऱ्या सरोवरांच्या काठी आणि लडाखच्या पुगा खोऱ्यात गरम पाण्याच्या झऱ्यांभोवती होते. पाणी आटले की पांढरट पापुद्रा उरे, तो खरवडून गोळा करत. तिथून तो घाट ओलांडून खाली आणायचा तर वाटा अशा अरुंद की खेचरांपेक्षा मेंढ्या बऱ्या पडत. प्रत्येक मेंढीच्या पाठीवर दोन्ही अंगांना छोट्या पिशव्या बांधलेल्या असत. कुमाऊँ-गढवालचे भोटिया व्यापारी धान्य घेऊन वर जात आणि मीठ, लोकर, टाकणखार घेऊन खाली येत. कुमाऊँच्या पायथ्याचे रामनगर ही या मालाची एक मोठी मंडी होती. मध्ययुगात हाच माल युरोपात पोहोचून व्हेनिसमध्ये शुद्ध केला जाई.

त्याचे मोठे गिऱ्हाईक कुंकूवाले नव्हतेच. मोठे गिऱ्हाईक सोनार. सोन्याचांदीला डाक देताना सांध्यावर सवागी टाकली की ती वितळून धातूवरचा ऑक्साइडचा थर आपल्यात विरघळवून घेते आणि डाक नीट बसते. वैद्यांनाही ती लागे. तव्यावर टाकली की तिच्यातले पाणी उडून ती फुगते, तिची लाही होते, आणि हीच लाही मधातून तोंड आल्यावर लावायचा घरगुती उपाय कितीतरी घरांत होता. एकोणिसाव्या शतकात इटलीतल्या तस्कनी प्रांतात जमिनीतून निघणाऱ्या वाफेपासून बोरिक आम्ल काढण्याचा उद्योग सुरू झाला. फ्रांस्वा द लार्देरेल याने 1818 पासून तो वाढवला. पुढे तुर्कस्तानातले आणि कॅलिफोर्नियातले प्रचंड साठे हाती आले आणि हिमालयाच्या मेंढ्यांना स्पर्धेत जागा उरली नाही. 1962 च्या युद्धानंतर तर तिबेटबरोबरचा तो जुना व्यापारच थांबला. आज दुकानात मिळणारी सवागी या दूरच्या खाणींची.

आता कोड्याकडे. टाकणखार हा रसायनाच्या भाषेत क्षार आहे, म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या उदासिनीकरणातून होणारा पदार्थ. क्षार म्हटला की तो उदासीनच असणार, असा विद्यार्थ्यांचा समज असतो. मिठाच्या बाबतीत तो खरा ठरतो, कारण मीठ ज्या हायड्रोक्लोरिक आम्लापासून आणि सोडियम हायड्रॉक्साइडपासून होते, ती दोन्ही तीव्र आहेत. टाकणखारात एका बाजूला तीव्र सोडियम हायड्रॉक्साइड आणि दुसऱ्या बाजूला अगदी सौम्य बोरिक आम्ल. त्यामुळे पाण्यात विरघळल्यावर आम्लारीचे पारडे जड राहते. त्याच्या द्रावणाचा सामू 9.2 च्या आसपास येतो, आणि तो इतका स्थिर असतो की सामू मोजण्याची यंत्रे जुळवायला आजही टाकणखाराचे प्रमाणित द्रावण वापरतात. 25 अंश सेल्सिअसला त्याचा सामू 9.18 धरतात. म्हणून नुसती सवागी हळदीवर घातली तरी ती लालसर होते. पण ही लाली साबणाच्या जातीची, लिंबाच्या थेंबाने जाणारी.

लिंबाचा रस टाकणखाराला भेटला की वेगळी गोष्ट घडते. सायट्रिक आम्ल बोरिक आम्लापेक्षा पुष्कळ तीव्र आहे. ते टाकणखारातल्या बोरेटला हायड्रोजन आयन देते आणि बोरिक आम्ल मोकळे होते. सौम्य आम्लाच्या क्षारावर त्याहून तीव्र आम्ल घातले की सौम्य आम्ल सुटते, हा पाठ्यपुस्तकातला नियमच इथे चालतो. सोड्यावर लिंबू पिळले की फसफसते तेही याच नियमाने. तिथे सुटलेले कार्बोनिक आम्ल लगेच पाणी आणि वायूत मोडते, एवढाच फरक. बोरिक आम्ल वायू होऊन उडून जात नाही. ते हळदीत मुरते.

आणि मग ते कर्क्युमिनशी जोडले जाते. कर्क्युमिनच्या मध्यभागी दोन ऑक्सिजन अणू शेजारी शेजारी असतात, बोरॉनचा अणू त्या दोघांमध्ये चिमट्यात धरल्यासारखा बसतो. आम्लाच्या सान्निध्यात तयार होणारे हे संयुग गडद लाल असते. त्याचा लाल रंग हायड्रोजन गमावल्यामुळे आलेला नसतो, बोरॉन जोडला गेल्यामुळे आलेला असतो. म्हणून लिंबू त्याला पिवळे करू शकत नाही. जोडणी होताना पाण्याचे रेणू बाहेर पडतात, आणि भोवती पाणी साचून राहिले तर क्रिया पुढे सरकत नाही. सावलीतले ते सावकाश सुकवणे म्हणजे नुसता माल कोरडा करणे नव्हते. रंग पक्का होण्याचे मुख्य काम तिथेच होत होते. सुकताना कुंकू ‘चढते’ ही कारागिरांची नजर अचूक होती.

युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनाही हळद फार काळ परकी राहिली नाही. रॉबर्ट बॉइलने 1664 साली रंगांवरचे आपले पुस्तक छापले आणि त्यात व्हायोलेट फुलांचा पाक आम्लाने लाल, खाराने हिरवा होतो हे नोंदवून दर्शकांच्या वापराला शिस्त दिली. हळदीच्या अर्कात बुडवून सुकवलेला कागद पुढे लिटमसच्या बरोबरीने प्रयोगशाळांत आला. मायकेल फॅरेडेने 1827 च्या आपल्या प्रयोगपद्धतीच्या ग्रंथात लिटमसचा आणि हळदीचा असे दोन्ही कागद दिले. 1830 च्या दशकात विजेने क्षारांचे विघटन करताना त्याने हेच कागद सोडियम सल्फेटच्या द्रावणात भिजवून वापरले. वीज गेली की एका टोकाला लिटमस लाल होई, म्हणजे तिथे आम्ल. दुसऱ्या टोकाला हळदीचा कागद तांबूस होई, म्हणजे तिथे आम्लारी. एकच क्षार दोन्हींपासून झालेला आहे हे दोन कागदी तुकड्यांवर उघड दिसत होते.

हळदीतला रंग वेगळा काढण्याचे काम फ्रान्समध्ये 1815 साली फोगेल आणि पेल्तिए यांनी केले. त्यांनी मिळवलेला पदार्थ अगदी शुद्ध नव्हता, पण त्याला कर्क्युमिन हे नाव त्यांच्यापासून मिळाले. 1866 साली श्लुम्बर्गर याने कर्क्युमिन आणि बोरिक आम्लापासून होणाऱ्या लाल पदार्थाचे वर्णन केले; त्याला पुढे रोझोसायनिन म्हणू लागले. 1910 साली मिलोबेंड्झ्का, कोस्तानेत्स्की आणि लाम्पे या तिघांनी कर्क्युमिनची रचना मांडली आणि 1913 साली ते प्रयोगशाळेत तयारही झाले. या साऱ्या काळात पंढरपूरच्या बाजारात कुंकू नेहमीसारखेच विकले जात होते, आणि ते विकणाऱ्यांना आपण बोरॉनचे संयुग विकतो आहोत याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

धंद्याला खरा धक्का दिला तो याच रसायनशास्त्राच्या दुसऱ्या शाखेने. 1856 साली विल्यम पर्किनने डांबरापासून पहिला कृत्रिम जांभळा रंग काढला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातले कृत्रिम रंग हिंदुस्थानच्या बाजारपेठांत भरून गेले. त्यातला लाल रंग घ्यायचा, संगजिऱ्याच्या किंवा स्टार्चच्या पांढऱ्या पुडीला चोळायचा, की तासाभरात कुंकू तयार. मुरवण नाही, सावलीतले सुकवण नाही, हळद तर नाहीच. रंग अधिक भडक, भाव कमी. हळदीच्या कुंकवाला या भावाशी टक्कर देणे अवघड गेले. केमसारख्या ठिकाणी उद्योग टिकला, वाढलाही, पण बाजारात ‘कुंकू’ या एका नावाखाली आज दोन अगदी वेगळे पदार्थ विकले जातात. मारुतीला लावतात तो शेंदूर हा तिसराच प्रकार. तो शिशाचा ऑक्साइड, विषारी, कपाळाला लावण्याच्या कामाचा नाही.

फरक कातडीला कळला. त्वचारोगतज्ज्ञांकडे कपाळाच्या मधोमध काळपट चट्टा आणि खाज घेऊन येणाऱ्या बायकांची नोंद होऊ लागली. शोधनिबंधांत या विकाराला कुंकवाचे नावच चिकटले. चाचण्यांत दोषी ठरलेल्या पदार्थांत ब्रिलियंट लेक रेड आर, सुदान 1 यांसारखे कृत्रिम रंग होते. चिकटणारी टिकली आली तेव्हा हा त्रास सुटेल असे वाटले. पण काही टिकल्यांच्या गोंदात असलेल्या पॅरा-टर्शरी-ब्युटाइल फिनॉल या रसायनाने कपाळावर पांढरा डाग पडतो, हेही लवकरच लक्षात आले.

हातातले कुंकू कोणत्या जातीचे हे पाहायला शाळेची प्रयोगशाळा पुरे. चिमूटभर कुंकू ग्लासभर साध्या पाण्यात टाकावे. हळदीचे कुंकू बरेचसे तसेच तळाशी बसते, कारण कर्क्युमिन आणि त्याची बोरॉनबरोबरची संयुगे पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. पाण्यात सहज उतरणारा गुलाबी-लाल रंग दिसला तर तो कृत्रिम. ही खूण एकतर्फी आहे, कारण पाण्यात न उतरणारे कृत्रिम रंगही असतात. दुसऱ्या चिमटीवर लिंबाचे दोन थेंब टाकावेत. ती पिवळी पडली तर हळद-चुन्याचे कुंकू. तिसऱ्या चिमटीवर धुण्याच्या सोड्याचे द्रावण टाकावे. सवागी-लिंबाच्या कुंकवाला त्याने काळपट झाक येते. कृत्रिम रंगाचे बहुधा काहीच बिघडत नाही. ही तपासणी हातावर किंवा कपाळावर करायची नाही, चिनी मातीच्या बशीत करायची, आणि बोटे लगेच धुवायची.

कर्क्युमिनला बोरॉन जोडला जाण्याची कुंकवातली क्रिया उलट बाजूनेही, म्हणजे बोरॉन ओळखायला, वापरली जाते. दुधात टाकणखाराची किंवा बोरिक आम्लाची भेसळ असल्याचा संशय आला तर दुधात हायड्रोक्लोरिक आम्ल घालून त्यात हळदीचा कागद बुडवतात आणि सुकवतात. कागद लाल झाला, आणि त्या लालीवर अमोनिया लागताच ती निळसर-हिरवी झाली, की भेसळ पकडली. इथेही कागद सुकल्याखेरीज रंग येत नाही. माती आणि पाण्यातले बोरॉन मोजण्याच्या प्रमाणित पद्धतींतही कर्क्युमिनची पद्धत आहे. पिकांना बोरॉन अगदी थोडे लागते. कमी पडले तरी नुकसान, जास्त झाले तरी नुकसान, म्हणून ते नेमके मोजावे लागते. नमुन्यात आम्लासह कर्क्युमिन मिसळतात, मिश्रण आटवून कोरडे करतात, तळाशी उरलेली लाल पुटे अल्कोहोलात विरघळवतात आणि 540 नॅनोमीटरला ती किती प्रकाश शोषतात हे यंत्रावर वाचतात. लाल जितका गडद, तितके बोरॉन जास्त.